क्रूझवरचं 'प्रायव्हेट' जेवण : नक्की काय मागायचं आणि कुणाकडे?

कृष्णाकाठ (सांगली)

मंडळी, मुंबईहून सुटणाऱ्या तीन-चार रात्रींच्या क्रूझवर सहा जणांसाठी एक खास जेवण ठेवायचं आहे. आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होताहेत. सहापैकी चौघे शाकाहारी, त्यातले दोघे कांदा-लसूण खात नाहीत. दारू कुणीच घेत नाही. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे तासाभरापेक्षा जास्त एका जागी बसणं अवघड.

माहितीपत्रकात शेफ्स टेबल, बाल्कनी डिनर, प्रायव्हेट डायनिंग रूम अशी नावं आहेत. यात फरक काय? पैसे कशाचे घेतात? एजंटला विचारलं की "सगळं होतं मॅडम", यापुढे गाडी जात नाही. माहीतगारांनी सांगावं.

चार_भिंती (सातारा)

दारू नाही, कांदा नाही, लसूण नाही. मग एवढ्या मोठ्या जहाजाला कशाला त्रास? बामणोलीला या, शिवसागरात बोट ठरवून देतो. पिठलं-भाकरी, खर्डा, समोर वासोटा. बोटवाला सोडला तर अख्खी बोट प्रायव्हेट.

डेक_नऊ

चार_भिंती, बामणोलीच्या बोटी अंधार पडायच्या आत काठाला लागतात. डिनर कसलं करताय, फार तर चहा होईल.

कृष्णाकाठ, 'प्रायव्हेट' हा एकच शब्द क्रूझवाले चार वेगवेगळ्या गोष्टींना लावतात. घोटाळा तिथेच होतो.

शेफ्स टेबल : हे प्रायव्हेट नसतंच. दहा-बारा किंवा चौदा प्रवाशांचं एकच लांब टेबल, शेजारी अनोळखी माणसं. आधी गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, फेरी मारतात. तिथेच उभ्याउभ्या स्टार्टर आणि शॅम्पेनचा पेला. मग टेबलावर पाच ते सात पदार्थ एकामागून एक, प्रत्येकाबरोबर वेगळी वाइन. एकूण अडीच ते तीन तास. मेनू ठरलेला. एका सफरीत एकदा, फार तर दोनदा होतं. 'प्रिन्सेस' या क्रूझ कंपनीच्या २०१३ सालच्या 'रॉयल प्रिन्सेस' जहाजावर तर टेबलाभोवती प्रकाशाचा पडदा सोडला होता, त्याला 'ल्युमिएर' म्हणतात. दिसायला झकास, पण टेबल सगळ्यांचंच.

बाल्कनी डिनर : हे खरोखर खाजगी, पण दोघांसाठी. 'प्रिन्सेस' याला 'अल्टिमेट बाल्कनी डायनिंग' म्हणते. केबिनच्या बाल्कनीत टेबलक्लॉथ घालून, वेटर एकेक पदार्थ आणून देतो. साध्या बाल्कनीत दोन खुर्च्या आणि मधे टेबल ठेवलं की उठायला जागा उरत नाही. सहा जण विसरा.

स्वीटमधलं जेवण : स्वीट म्हणजे बैठकीची जागा असलेली मोठी केबिन. ती घेतली असेल तर बटलर मुख्य डायनिंग रूमच्या मेनूतलं जेवण एकेक कोर्स करून आणतो. महागड्या जहाजांवर याचे वेगळे पैसे बहुधा पडत नाहीत, ते भाड्यातच आलेले असतात.

प्रायव्हेट डायनिंग रूम : स्पेशालिटी रेस्टॉरंटला, म्हणजे वेगळे पैसे घेणाऱ्या रेस्टॉरंटला, लागून काचेची खोली किंवा वाइनच्या कपाटांनी आडोसा केलेला कोपरा. आठ ते चौदा जण मावतात. तुमच्या कामाचं हे. मात्र काही जहाजांवर किमान माणसांचे पैसे ठरलेले असतात. तुम्ही सहा, किमान आठ, तर दोन रिकाम्या खुर्च्यांचं बिल तुमच्याच नावावर. आधी विचारून घ्या.

बेदाणा (तासगाव)

वाइन न पिणाऱ्याला शेफ्स टेबलचे पैसे कमी लागतात का?

डेक_नऊ

सहसा नाही. दर माणशी ठरलेला असतो. आधी सांगितलं तर बिनदारूचे पेले जुळवून देतात, नुसता कोक समोर ठेवला तर तो त्यांचा आळस. शाकाहाऱ्यांच्या बाबतीत काही जहाजं शेफ्स टेबलला सरळ "जमणार नाही" म्हणतात, कारण दोन-तीन आचारी त्या रात्री एकच मेनू बारा ताटांत एका वेळी वाढत असतात. तेरावं वेगळं ताट आलं की सगळी रांग थांबते.

खंबाटकी_पार (सातारा)

बुकिंगचं सांगतो, तिथेच लोक जास्त फसतात.

परदेशी कंपन्यांचं आधीचं बुकिंग त्यांच्या संकेतस्थळावर होतं. जहाजावर चढल्यावर तेच जेवण बहुधा महाग मिळतं आणि खास जागा आधीच संपलेल्या असतात. आधी नसेल जमलं, तर चढल्या दिवशी दुपारी बुफेकडे न पळता पहिलं काम म्हणजे डायनिंग रिझर्वेशनचं टेबल गाठायचं.

दरावर १८ ते २० टक्के सेवाशुल्क आपोआप लागतं. त्यानंतर पावतीवर 'अ‍ॅडिशनल ग्रॅच्युइटी' अशी एक रिकामी ओळ असते. ती भरायची सक्ती नसते, पण आपली माणसं लाजून भरतात आणि टिप दोनदा जाते.

रद्द करायचं तर साधारण २४ ते ४८ तास आधी. नंतर पूर्ण पैसे. डॉलरमध्ये बिल असेल तर भारतीय कार्डावर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप आणि त्या मार्कअपवर जीएसटी.

पहिल्या रात्रीचं जेवण ठरवू नका. त्या दिवशी सामान उशिरा केबिनमध्ये येतं, सुरक्षेची कवायत असते, गॅलीवर सगळ्यात जास्त ताण असतो. सांगलीहून बॅलार्ड पिअर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. खंबाटकी आणि खंडाळा दोन्ही घाट मधे. चेक-इन सुटायच्या बराच आधी बंद होतं. आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करा.

वासोट्याचा_वारा

बाल्कनीचं चित्र जाहिरातीत फार गोड असतं, म्हणून थोडं वाऱ्याचं गणित.

जहाज १८ नॉटने चाललंय म्हणजे ताशी ३३ किलोमीटर. हवा अगदी पडलेली असली तरी बाल्कनीत तेवढा वारा लागणारच. समोरून १० नॉटचा वारा असेल तर ५० च्या वर. पेपर नॅपकिन, मेनूकार्ड, पापड, सगळं रत्नागिरीला.

आता मुंबई-गोवा घ्या. अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैल, त्यामुळे रात्रभरात पोचायला जहाजाला फार पळावं लागत नाही. हिवाळा-उन्हाळ्यात कोकण किनाऱ्यावर दुपारनंतर वायव्येचा वारा असतो. जाताना तो मागून येतो, म्हणजे जहाजाच्या वेगातून वजा होतो. येताना समोरून, म्हणजे बेरीज. बाल्कनीत बसायचं तर जाताना बसा.

सूर्यास्तही तसाच. दक्षिणेकडे जाताना पश्चिम उजव्या हाताला, म्हणजे स्टारबोर्ड. येताना डाव्या. केबिन घेताना डेकच्या नकाशात जहाजाचं नाक कुठल्या बाजूला काढलंय ते बघूनच डावं-उजवं ठरवा. डिसेंबरात मुंबईकडे सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, मे महिन्यात सातनंतर. साडेआठचं 'सनसेट डिनर' कुणी विकत असेल तर सूर्य कुठला ते विचारा.

चार_भिंती

पापड रत्नागिरीला. 😄 म्हणजे किनारपट्टीवर रात्री पापड गोळा करायला माणूस बसवला तर धंदा आहे.

उकडीचा_हात (मिरज)

बाल्कनी डिनरला माझा विरोध वाऱ्यामुळे नाही, अंतरामुळे आहे. मुख्य गॅली बहुतेक जहाजांवर खालच्या डेकवर, डायनिंग रूमला लागून. बाल्कनीच्या केबिन वर. ताट झाकणाखाली घालून सर्व्हिस लिफ्टने पाच-सहा मजले चढतं, मग लांबलचक कॉरिडॉर. लिफ्ट मोकळी मिळाली तरी आठ-दहा मिनिटं जातात.

झाकणाखाली वाफ कोंडते. तळलेलं सगळं मऊ पडतं, पुरी चामड्यासारखी होते. मध्यम भाजलेलं मांस आपल्याच उष्णतेने पुढे शिजत राहतं आणि पोचेपर्यंत पूर्ण भाजलेलं. पांढऱ्या सॉसवर साय धरते. सूफ्ले तर कॉरिडॉरमध्येच बसतं.

प्रवास सोसणारे पदार्थ मागा : डाळ, रस्सा, ग्रेव्हीतलं पनीर, बिर्याणी, रिसोटोऐवजी साधा पुलाव. सॅलड वेगळ्या थंड ताटलीत, ड्रेसिंग बाजूला वाटीत.

डेक_नऊ

उकडीचा_हात, पूर्ण सहमत नाही. नीट चालवलेल्या जहाजावर वेगळी गरम पेटी घेऊन वेटर मजल्यावरच्या पॅन्ट्रीत थांबतो आणि तिथून एकेक ताट नेतो. मग प्रश्न पाच-सहा मजल्यांचा राहत नाही, दहा पावलांचा राहतो. विचारायचा प्रश्न एकच : "कोर्स पॅन्ट्रीतून वाढणार की सगळं एकदम ट्रॉलीवर?" एकदम ट्रॉलीवर म्हणाले तर ते रूम सर्व्हिसच आहे, फक्त टेबलक्लॉथ जास्त.

उकडीचा_हात

हे मान्य. ट्रॉलीवाल्याला पैसे देऊ नयेत.

बेदाणा

मला फक्त भाकरी मिळेल का सांगा.

उकडीचा_हात

मिळू शकते, पण विस्तवावर फुगलेली नाही. आगीच्या भीतीने मोठ्या प्रवासी जहाजांच्या गॅलीत उघडी गॅसची ज्योत ठेवत नाहीत, सगळं विजेवर. तंदूरही विजेचा. ज्वारीची भाकरी जाड सपाट ग्रिडलवरच भाजावी लागते : पिठाची बाजू वर, पाण्याचा हात, पाणी सुकलं की उलटायची, आणि शेवटची शेक विस्तवाऐवजी फडक्याने कडा दाबत. फुगते, पण पापुद्रा पातळ सुटत नाही.

खरी अडचण पिठाची. ज्वारीत ग्लुटेन नाही. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, आणि थापताना भाकरी चिरते. गरम पाण्याने उकड काढून मळलं तर निभतं. हे माहीत असलेला आचारी त्या पाळीत असेल तरच.

चार_भिंती

पीठ घरून न्यायचं की! सांगलीच्या गिरणीतलं, दळून गरमगरम.

गरम_पेटी (कराड)

नाही चालणार. गॅली फक्त ठरलेल्या पुरवठादाराचा माल घेते. कुणाला बाधलं तर कुठल्या पोत्यातून आलं हे शोधता यावं लागतं. प्रवाशाच्या पिशवीतलं पीठ त्यांच्या भांडारात शिरतच नाही.

घरी शिजवलेलं अन्नही बहुतेक कंपन्या जहाजावर चढू देत नाहीत. कारखान्यात सीलबंद केलेलं, कोरडं, बहुधा चालतं. म्हणजे भडंगचं सीलबंद पाकीट आणि बेदाणे ठीक, धपाटे नाहीत. कंदी पेढे सीलबंद असले तरी आधी विचारा, दुधाच्या पदार्थांना परदेशी बंदरात उतरवायला मनाई असू शकते.

नियम किती कडक असतात त्याचा अंदाज यावा म्हणून : अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या जहाजांची तिथली सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी १९७५ पासून तपासणी करते. १०० पैकी गुण देतात, ८५ किंवा खाली म्हणजे नापास. गरम अन्न ५७ अंश सेल्सिअसच्या वर, थंड ५ अंशांच्या खाली. गरम-थंड न राखता नुसत्या वेळेच्या हिशोबावर बाहेर ठेवलेलं अन्न चार तासांनी फेकायचं. मुंबई-गोवा जहाजाला ही तपासणी लागू नाही, पण जगभर गॅलीची शिस्त याच आकड्यांभोवती आहे. म्हणूनच "उरलेलं बांधून द्या" म्हटलं की वेटर कसनुसं हसतो.

आणि शेफ्स टेबलच्या गॅलीफेरीला बंद बूट लागतात. कोल्हापुरी चप्पल घालून गेलात तर दारातच अडवतील.

कृष्णाकाठ

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आभार. दोन गोष्टी राहिल्या. एक, औक्षण करता येईल का? दोन, आम्ही ज्याचा विचार करतोय ते मुंबईचं जहाज म्हणजे 'कॉर्डेलिया' कंपनीचं 'एम्प्रेस'. त्यावर यातलं काय लागू पडतं?

गरम_पेटी

औक्षण करा, निरांजन सोडून. मेणबत्ती, कापूर, काडेपेटी, उदबत्ती, उघड्या ज्योतीचं काहीच चालत नाही. केबिनमधला धूर-सूचक वाजला की सुरक्षा पथक दारात. ताम्हनात हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी घ्या आणि बॅटरीवरचा दिवा ठेवा. अंगठी-सुपारीने ओवाळायची रीत आहेच. केकवरही खऱ्या मेणबत्त्या मिळणार नाहीत, आधीच विचारा म्हणजे ऐनवेळी पोरं रुसणार नाहीत. अक्षता कोरड्या ठेवा, ओलं कुंकू पांढऱ्या टेबलक्लॉथवरून निघत नाही.

डेक_नऊ

'एम्प्रेस' १९९० साली फ्रान्समध्ये सेंट नाझेरला बांधलं, तेव्हा नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. 'रॉयल कॅरिबियन'ने ते मुद्दाम छोट्या तीन-चार दिवसांच्या सफरींसाठी बांधून घेतलं होतं. मुंबईहून २०२१ पासून फिरतंय. त्या काळात केबिनला बाल्कनी देण्याची पद्धत एवढी नव्हती, म्हणून बाल्कनीच्या केबिन थोड्या आहेत. बाल्कनी डिनर डोक्यातून काढा.

फायदा मात्र मोठा आहे. प्रवासी बहुतेक आपलेच, त्यामुळे शाकाहारी आणि जैन जेवण रोजच्या पाळीत असतं, तुमच्यासाठी वेगळं टेबल लावून करावं लागत नाही. परदेशी कंपनीला हेच दीड-दोन महिने आधी लेखी कळवावं लागतं.

माझा सल्ला : 'पॅकेज' घेऊच नका. दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्री, जेवणाच्या पहिल्या पाळीला, म्हणजे लवकरच्या वेळेला, रेस्टॉरंटमधलं कोपऱ्यातलं सहाचं टेबल मागा. शक्यतो जहाजाच्या मध्याकडचं. स्टॅबिलायझर जहाजाचं डावं-उजवं डोलणं कमी करतात, पुढे-मागे होणारी झुल नाही. ती टोकांना जास्त जाणवते. वरच्या डेकवर डोलणंही जास्त. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ताट घेऊन बुफेला फिरवण्यापेक्षा बसून वाढलेलं कधीही बरं. आणि पहिल्या पाळीत आचारी ताजा असतो.

वासोट्याचा_वारा

अनुमोदन. भर : जेवण दोन तुकड्यांत मागा. मुख्य जेवण तासाभरात टेबलावर, गोड नंतर वेगळीकडे, खिडकीजवळच्या लाउंजमध्ये. बाबांचे पायही मोकळे होतील.

खंबाटकी_पार

आणि हे सगळं एजंटला तोंडी सांगून उपयोग नाही. बुकिंग क्रमांक घालून ईमेल करा, उत्तर छापून बरोबर ठेवा. चढल्यावर मेत्र डीला, म्हणजे रेस्टॉरंटच्या मुख्य माणसाला, तो कागद दाखवा. जहाजावरच्या माणसाला मुंबई ऑफिसचं बोलणं माहीत नसतं.

कृष्णाकाठ

ईमेलचा मसुदा केलाय, बघा :

"बुकिंग क्रमांक अमुक. सफरीच्या दुसऱ्या रात्री, पहिल्या पाळीत, सहा जणांसाठी मध्यभागाजवळचं एक टेबल हवं. त्यातले एक ज्येष्ठ गृहस्थ गुडघेदुखीमुळे जास्त वेळ बसू शकत नाहीत, हातांची खुर्ची आणि दाराजवळची बाजू द्यावी. चार शाकाहारी, दोन मांसाहारी. चौघांपैकी दोघांना जैन जेवण. ५० व्या लग्नवाढदिवसाचा छोटा केक, अंड्याशिवाय. गोड लाउंजमध्ये मिळेल का, कळवावं."

उकडीचा_हात

'जैन' लिहू नका, तुमच्या दोघांना जैन जेवण नकोय. जैन म्हटलं की बटाटा, गाजर, बीट, आलं सगळंच जाईल. स्पष्ट लिहा : "कांदा नको, लसूण नको, बटाटा-गाजर चालेल." गॅलीत आधी करून ठेवलेल्या ग्रेव्हीत कांदा असतोच, म्हणून "बेस ग्रेव्हीसुद्धा कांद्याविना" हे वेगळं लिहा. आणि 'अंड्याशिवाय' च्या पुढे 'जिलेटिनशिवाय' जोडा. मूस आणि चमकदार ग्लेझ यात ते लपलेलं असतं.

गरम_पेटी

"दाराजवळ" काढा. गॅलीच्या दाराजवळ बसवतील, रात्रभर ट्रे धडकतील. "प्रवेशद्वाराजवळ, गॅलीच्या दारापासून दूर" असं लिहा.

बेदाणा

केक कशाला? पुरणपोळी मागा की.

उकडीचा_हात

नको. पोळी पातळ लाटून लगेच तव्यावर टाकायची असते, त्या गर्दीत जाड आणि कोरडी येईल. तांदळाची खीर मागा. दूध, तांदूळ, साखर, वेलची प्रत्येक जहाजाच्या भांडारात असतंच, मोठ्या भांड्यात उतू न जाता होते, आणि लिफ्टने आठ मजले चढली तरी तिचं काही बिघडत नाही. बेदाणे तुमचेच घाला वरून, सीलबंद पाकिटातले.